डोंगर जरा खाली घ्या

मोहीम नियोजन कक्षातल्या संगणकाने गेल्या वर्षात एकशे बारा वेळा 'उड्डाण शक्य नाही' असं म्हटलं, ही बाब वार्षिक अहवालाच्या सदतिसाव्या पानावर आली आणि संचालकांच्या जिव्हारी लागली. केंद्राचं काम तसं साधं होतं. डोंगराच्या अलीकडे लहान इस्पितळ, पलीकडे मोठं इस्पितळ. अलीकडच्यांना न झेपणारा रुग्ण हेलिकॉप्टरने पलीकडे न्यायचा. वारा फार असला, ढग खाली उतरले किंवा वजन जास्त झालं, की पडद्यावर लाल पट्टी यायची. मग रुग्ण घाटातून गाडीने जायचा आणि हेलिकॉप्टर शाबूत राहायचं. शाबूत राहिलेल्या हेलिकॉप्टरांसाठी अहवालात रकाना नव्हता.

या लाल पट्टीमागे जो माणूस होता, त्याला सगळं केंद्र नाहीकाका म्हणत असे. पदनाम वरिष्ठ नियोजक, वय अठ्ठावन्न, आणि तीस वर्षांत गोळा केलेल्या त्रेसष्ट अटींची एक पुठ्ठ्याची वही. प्रत्येक अटीपुढे त्यांनी कारणही लिहून ठेवलं होतं. अट पहिली: टाकी काठी बुडवूनच तपासावी. कारण: काटा अडकला होता, आम्ही भाताच्या शेतात उतरलो. अट नववी: शिखराच्या तीनशे मीटर वरून जावं. कारण: चाकात झाडाचा शेंडा सापडला. अट एकेचाळिसावी: पायलट आठ तास झोपलेला असावा. या अटीपुढे कारणाच्या जागी फक्त एक तारीख होती, आणि ती कुणी विचारली की काका चष्मा पुसायला घ्यायचे. वही संगणकात चढवली तेव्हा कारणांचा रकाना गाळला गेला, कारण तो वाचून नवीन लोकांचं मन खचतं असं कुणाचं तरी मत पडलं.

संचालकांनी सल्लागार बोलावला. सल्लागार तरुण होता, हसरा होता, आणि हेलिकॉप्टरमध्ये कधी बसलेला नव्हता, त्यामुळे त्याचा दृष्टिकोन ताजा होता. त्याने बैठकीत सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "लाल रंग दिसला की तुम्हाला काय वाटतं?"

"अपमान," संचालक डोळे मिटूनच म्हणाले.

"बरोबर. कारण अटी तुमच्यावर लादलेल्या आहेत. अटी वापरणाऱ्याच्या हातात द्या. प्रत्येक अटीपुढे एक पेन्सिलचं चित्र. ज्याला जी अट अडते, त्याने ती बदलायची."

नाहीकाकांनी डोळे मिटलेच नव्हते. ते म्हणाले, "अहो, पण अट अडते म्हणूनच ती अट असते. न अडणारी अट ठेवायची कशाला?"

"काका, हा तुमचा जुना विचार झाला."

"बरं, नवा सांगा. डोंगराला विचारलंय का?"

"डोंगर आपला वापरकर्ता नाही," सल्लागाराने समजूत घातली.

तरीही काकांच्या समाधानासाठी दोन सुरक्षा-उपाय मंजूर झाले. एक, बदल करताना कारण लिहिणं सक्तीचं. दोन, एका माणसाला दिवसातून एकच बदल करता येईल आणि तो चाळीसपेक्षा मोठा असेल तर संचालकांची सही लागेल. "चाळीस काय? किलो, मीटर, की तास?" काकांनी विचारलं. "चाळीस म्हणजे चाळीस," संचालक म्हणाले आणि चहा आला.

पहिल्या आठवड्यात पेन्सिली अगदी शहाण्यासारख्या चालल्या. सोबत जाणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या वजनाची नोंद दुरुस्त केली आणि लग्नातला आकडा घातला. ते पाहून परिचारकाने केलं, मग तंत्रज्ञाने. सात दिवसांत केंद्राचं एकूण वजन एकशे चाळीस किलोंनी घटलं आणि संचालकांनी सूचनाफलकावर सर्वांच्या आरोग्याबद्दल अभिनंदनाचं पत्रक लावलं. वेळापत्रक बघणाऱ्या साहेबांनी पायलटच्या झोपेचे आठ तास साडेपाचवर आणले. उरलेले अडीच, पायलट बाकावर बसून वाट बघतो त्यात येतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. कारणाच्या चौकटीत पहिले दोन दिवस लोक वाक्यं लिहीत होते. मग 'तात्पुरते' एवढंच लिहू लागले. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की नुसतं टिंब दिलं तरी चौकट भागते. मग टिंबच.

काका दर टिंबापाठी जागेवरून उठून जायचे. "टिंब हे कारण आहे का हो? माझ्या शाळेत टिंब दिलं असतं तर मास्तरांनी कान उपटला असता." लोक हसायचे. महिन्याभराने संचालकांनी त्यांना बोलावून सांगितलं की आता नियोजन सगळेच करतात, तेव्हा नियोजकाची गरज उरलेली नाही. पण अनुभव वाया जाऊ नये म्हणून त्यांना तळमजल्यावर 'समाधान नोंदणी अधिकारी' नेमण्यात येत आहे. तिथे एक टेबल, एक पंखा आणि एक तक्ता होता. तक्त्यावर रोज हसऱ्या चेहऱ्यांची संख्या लिहायची. काकांनी वही पिशवीत घातली आणि जिना उतरले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि का जेवले नाहीत हे त्यांच्या मुलीने विचारलंही नाही, कारण ती त्याच केंद्रात पायलट होती.

याच सुमारास संचालकांनी केंद्राच्या दारावर भला मोठा फलक लावला: 'तीस मिनिटांत पलीकडे. आमचं वचन.' आता, डोंगर वळसा घालून गेलं की एकोणपन्नास मिनिटं लागतात. सरळ गेलं तर चोवीस, फक्त मध्ये डोंगर आहे. चौदाशे साठ मीटर. भरलेलं हेलिकॉप्टर त्याच्या वर तीनशे मीटर चढेपर्यंत त्याची दमछाक होते, म्हणून वळसा. पण वळसा एकोणपन्नास मिनिटांचा, म्हणजे वचनभंग, म्हणजे लाल. संगणक बिचारा शिकवलेलं करणारा. त्याने पडद्यावर विचारलं: 'पुढीलपैकी काही बदलायचे आहे का?' आणि यादीत चौथं नाव होतं: शिखराची उंची. त्यापुढे पेन्सिल.

पहिली पेन्सिल चालवली स्वागतकक्षातल्या बाईंनी. त्यांचा जीव काही वाईट नव्हता. रुग्णांचे नातेवाईक काचेवर हात आपटतात, ओरडतात, रडतात, आणि ते सगळं ऐकायचं बाईंनी. त्यांनी डोंगर चाळीस मीटरनेच खाली घेतला. दुसऱ्या पाळीच्या बाईंनी आणखी चाळीस. मग हे काम सोपं आहे असं पसरलं. "तुमची आजची पेन्सिल शिल्लक आहे का? मग डोंगर जरा खाली घ्या," असं लोक एकमेकांना फोनवरून सांगू लागले. तीन आठवड्यांत एकतीस बदल झाले. एकानेही चाळीसची मर्यादा ओलांडली नाही, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. एकतिसाव्या बदलाला सगळा पडदा हिरवा झाला, आणि केंद्राला 'शून्य नकार' हे मानपत्र मिळालं.

तुम्ही विचाराल, मग हेलिकॉप्टर आपटलं कसं नाही? अहो, पायलटला डोळे असतात. हवा स्वच्छ होती. पायलट वर जायचे, समोर चौदाशे साठ मीटरचा डोंगर दिसायचा, ते गपचूप वळसा घालायचे, आणि पोचल्याच्या वेळेपुढेही पेन्सिल होती, तिने चोवीस मिनिटं लिहायचे. संचालकांच्या दालनातला आलेख बघून बाहेरगावचे लोक अभ्यासाला येऊ लागले.

मग एका मंगळवारी सकाळी ढग उतरले. असे उतरले की समोरच्या इमारतीचं छप्पर दिसेना. आणि साडेदहाला लहान इस्पितळातून एक गवंडी आणला. परांचीवरून पडलेला, डोक्याला आतून मार. त्याची बायको स्ट्रेचरचा दांडा धरून होती आणि तो सोडायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दीड तासात पलीकडे नेला तर वाचेल. घाटातून गाडीला तीन तास.

तळमजल्यावरचा फोन वाजला.

"बाबा, वर या. आत्ताच्या आत्ता."

ऑफिसात ती त्यांना 'सर' म्हणायची. ते एकेक पायरी सोडून जिना चढले. मुलगी शिरस्त्राण काखेत धरून पडद्यासमोर उभी होती. पडदा हिरवागार. वाट सरळ, उंची सहाशे मीटर, वेळ चोवीस मिनिटं.

"डोंगर किती दाखवतोय?" काकांनी विचारलं.

"दोनशे वीस."

काकांनी कपाळाला हात लावला. "इतके दिवस तू हे बघत होतीस?"

"बघत होते, आणि वळसा घालून चोवीस लिहीत होते. सगळेच लिहितात, बाबा. मी लिहिलं नसतं तर 'प्रणालीवर अविश्वास' असा शेरा पडला असता." तिचा आवाज खाली गेला. "पण आज ढगात मला काही दिसणार नाही. यंत्रावर जायचं, आणि यंत्रात वाट जाते ती या आराखड्यातूनच. हा आराखडा मला थेट डोंगरात घालणार. वळशाचा आराखडा हिरवा करून द्या, मी आत्ता निघते. नाहीतर तो माणूस इथेच जाईल."

वळशाचा आराखडा लाल का? तीस मिनिटांमुळे. काका तडक संचालकांच्या दालनात घुसले. सल्लागार तिथेच बसलेला होता.

"साहेब, तीसचे पन्नास करा. एका दिवसापुरते करा."

संचालक दुखावले. "तीसला पेन्सिल नाही, काका."

"डोंगराला आहे आणि तीसला नाही?"

"डोंगर आपण दिलेला नाही. वचन आपण दिलेलं आहे."

"बाहेर फलक रंगवलाय," सल्लागार मध्येच म्हणाला. "हवं तर दुसरी मदत करतो. माझी आजची पेन्सिल शिल्लक आहे. डोंगर आणखी चाळीस खाली घेऊ का?"

काकांच्या तोंडात आलेला शब्द इथे लिहिता येत नाही. ते परत पडद्यापाशी आले. अकराला दहा कमी. बाहेर गवंड्याची बायको रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. मुलगी बापाकडे बघत होती. लहानपणी सायकलची साखळी निसटली की अशीच बघायची. काकांनी यादी खाली सरकवली. वारा, वजन, झोप, ढग. आणखी खाली. अगदी तळाशी, जिथे कुणी कधी गेलं नव्हतं, तिथे एक ओळ होती: 'एका मिनिटातील सेकंद: साठ'. त्यापुढे पेन्सिल.

आजवर अटींना न शिवलेल्या माणसाने साठ खोडून शंभर लिहिले. फरक बरोब्बर चाळीस, सहीची गरज नाही. कारणाची चौकट समोर आली. काकांनी क्षणभर बोट हवेत धरलं आणि टिंब दिलं.

वळशाचा वेळ एकोणतीस मिनिटांवर आला. पडदा हिरवा झाला. मुलीने बापाच्या खांद्यावर एक थाप मारली आणि धावत सुटली. सात मिनिटांत, जुन्या सात मिनिटांत, हेलिकॉप्टर ढगात शिरलं.

काका खुर्चीत टेकले. किती तरी दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. छापून आलेला आराखडा त्यांनी सवयीने हातात घेतला आणि सवयीने शेवटपर्यंत वाचला. शेवटची ओळ इंधनाची होती. 'एकोणतीस मिनिटांचे, अधिक राखीव पाच.' राखीव पूर्वी तीस असायचं; कुणाची तरी पेन्सिल तिथेही फिरली होती. काकांनी ओळ पुन्हा वाचली. इंजिन काही संगणकाचं मिनिट मोजत नाही. इंजिनाला एकोणपन्नास मिनिटं चालायचं होतं आणि कागदाने त्याला चौतिसांचं इंधन दिलं होतं. तो कागद त्यांनीच बनवला होता.

"परत फिरव!" ते रेडिओवाल्यावर ओरडले. "तिला सांग, परत फिर!"

रेडिओवाल्याने मान हलवली. "डोंगराआड गेली, काका. पलीकडे निघेपर्यंत आवाज पोचत नाही." डोंगर दोनशे वीस मीटरचा होता, पण रेडिओच्या आड पूर्वीइतकाच येत होता.

जिना कसा उतरले ते काकांना आठवत नाही. इंधनाची शेड आवाराच्या टोकाला होती. तिथले टाकीवाले, काकांच्याच वयाचे, एक लांब लाकडी काठी फडक्याने पुसत होते. काकांना धाप लागली होती.

"किती... किती भरलंत?"

"कागदावर चौतीस मिनिटांचं होतं."

काका भिंतीला टेकले.

"काय झालं? बसा, बसा."

"चौतीसच भरलंत?"

"छे हो!" टाकीवाले म्हणाले. "कागदाचं काय घेऊन बसलात? मी काठी बुडवतो. वरच्या खुणेपर्यंत ओली झाली की सोडतो. तुमच्याच वहीत आहे ना, अट पहिली? मला ते पेन्सिलीचं काही कळत नाही. आणि तुमची पोरगी जाणार म्हटल्यावर मी काय अर्धी टाकी देणार होतो?"

काका तिथल्या रिकाम्या पिंपावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. टाकीवाल्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली आणि पाण्याचा तांब्या आणला.

पलीकडून फोन आला. एकोणपन्नास मिनिटांनी पोचली, गवंड्याला आत घेतलं. दोन दिवसांनी तो बोलू लागला. पहिल्यांदा त्याने कामावरच्या थापीची चौकशी केली.

केंद्रानेही झाल्या प्रकाराची गंभीर दखल घेतली. टाकीवाल्यांना आराखड्याबाहेर इंधन दिल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि त्यांची काठी 'अप्रमाणित साधन' म्हणून जप्त झाली. उत्तरात त्यांनी टिंब दिलं, ते उद्धटपणाचं ठरलं. नाहीकाकांना मात्र सभागृहात बोलावून नवकल्पनेचं मानचिन्ह देण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी ते मिनिट परत साठावर आणायला गेले होते, पण तिथली पेन्सिल गेली होती. शंभर सेकंदांच्या मिनिटाने केंद्राचं प्रत्येक काम वेळेत बसतंय, हे लक्षात येताच संचालकांनी त्याला वचनाचा दर्जा दिला होता.

काका मंचावर चढले आणि सरळ म्हणाले, "हे मिनिट खोटं आहे. मी केलंय. माझी मुलगी यात जाता जाता वाचली. कृपा करून ते काढून टाका, आणि त्या माणसाची काठी परत द्या."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालकांनी काकांच्या नम्रतेचा दोन मिनिटं गौरव केला. काकांनी मनगटावर बघितलं, तीन मिनिटं वीस सेकंद झाले होते. खाली पहिल्या रांगेत त्यांची मुलगी बसली होती. ती तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. घरी जाताना तिने वही मागून घेतली. सल्लागाराने ते मिनिट पुढे आणखी बऱ्याच कार्यालयांत बसवून दिलं म्हणतात. कुठल्याही खिडकीपाशी 'पाच मिनिटं बसा' असं सांगितलं की समजावं.

आता तुम्ही मान हलवताय. काय एकेक लोक असतात, डोंगर खाली घेतात, मिनिट ताणतात! खरं आहे. पण परवा कुणीतरी तुमची वाट बघत उन्हात उभं होतं, त्याचा फोन आला, आणि तुम्ही पलंगाखाली दुसरी चप्पल शोधता शोधता म्हणालात, "पोचतोच, पाच मिनिटांत." ते पाच तुम्ही कितीचे केले होते? कारण विचारलं असतं तर काय लिहिलं असतं?